दुसऱ्याच्या नावावरची लस

अगापितो पिनार्गोतेला नाही म्हणता येत नसे. आमच्या पुंता सेका या मासेमारांच्या गावात हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं, आणि गाव त्याचा पुरेपूर फायदा घेई. बर्फाच्या कारखान्यापुढे रांगेत उभं राहायचा कंटाळा आला, की अगापितोला उभं करायचं. मच्छीमार सोसायटीच्या सभेला जायचंय पण झुल्यातून उठवत नाही, की अगापितोला निरोप धाडायचा. एकदा चिटणीस हजेरी घेत होता तेव्हा या बाबाने चौघांच्या वतीने चार वेगवेगळ्या आवाजांत 'हजर' म्हटलं. त्यातला एक जण आदल्याच आठवड्यात वारला होता. त्याच्या पेटीला खांदा द्यायला अगापितो स्वतः होता, पण सवय ती सवय.

आम्हा मासेमारांचा संत सान पेद्रो, त्याच्या जत्रेत तर अगापितोला फारच मागणी. समुद्रात वादळात सापडलं की आमची माणसं वाट्टेल ते नवस बोलतात. देवळाची टेकडी गुडघ्यांवर चढेन, म्हणतात. किनाऱ्याला लागलं की मग गुडघ्यांची आठवण होते. त्या टेकडीवर अगापितो एका वर्षी तीनदा चढला, तिन्ही वेळा दुसऱ्याच्या नवसासाठी. पाद्रीबाबा वैतागून म्हणाले, "अरे, वाचलं कोण आणि सोलवटलं कोण, हे सान पेद्रोला कळायला तरी पाहिजे." अगापितो म्हणाला, "बाबा, त्यांना सगळं कळतं. ते पण मासेमारच होते."

तो जाळी विणायचा. तरुणपणी होडीवरून पडून डावा पाय अधू झाला, तेव्हापासून समुद्र सुटला. किनाऱ्यावर माडाच्या झापांचं छप्पर घालून त्याखाली तो दिवसभर फाटकी जाळी सांधत बसे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारी. बायको नार्सिसा म्हणे की जगाची जाळी शिवून झाली की याने माझ्या परसातलं कुंपण पण एकदा बघावं. ते कुंपण आजही पडलेलंच आहे.

आता त्याच्या कोंपाद्रेबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्या नात्यामुळे घडलं. अगापितो आणि बाल्तासार मेरो बरोबरच वाढले, बरोबरच पोहायला शिकले, एकमेकांना आईमाईवरून शिव्या देत मोठे झाले. मग अगापितोला पहिला मुलगा झाला आणि बाल्तासार त्याचा धर्मपिता झाला. झालं. ज्या सकाळी चर्चमध्ये पोराच्या डोक्यावर बाप्तिस्म्याचं पाणी पडलं त्या सकाळपासून दोघे एकमेकांचे कोंपाद्रे झाले, बायका कोमाद्रे झाल्या, आणि 'अरे गाढवा' संपून 'अहो कोंपाद्रे, तुम्ही जेवलात का' सुरू झालं. आमच्याकडे रीतच तशी आहे. सख्ख्या भावाशी वाकडं घेतलेलं चालतं, कोंपाद्रेशी नाही. कोंपाद्रेने मागितलं की द्यायचं, सांगितलं की करायचं.

या देण्याघेण्यात एक बाजू मात्र रिकामी होती. बाल्तासार आणि त्याची बायको ओतिलिया यांना सतरा वर्षं मूल नव्हतं. अगापितोने सतरा वर्षांपूर्वीच सांगून ठेवलं होतं की या घरातलं पहिलं लेकरू चर्चमध्ये मी धरणार. त्यासाठी पांढरा शर्ट शिवून घेतला होता. शर्ट दर वर्षी धुवायचा, उन्हात घालायचा, परत पेटीत ठेवायचा. मधल्या काळात अगापितोच्या पोटाने बरीच प्रगती केली, तेव्हा नार्सिसाने शिवण उसवून दोन्ही बाजूंना पट्ट्या लावल्या.

ओतिलिया आमच्या उपकेंद्रातली लस टोचणारी. खांद्याला निळी पेटी, पेटीत बर्फ, बर्फात लस. ती गल्लीत शिरली की पोरं खाटांखाली शिरायची आणि कुत्रीसुद्धा बाजूला व्हायची. कुत्र्यांनाही वाटायचं, बाईंचा काही नेम नाही. ती आठ वर्षांची होती तेव्हा तिचे दोन धाकटे भाऊ गोवराने एका आठवड्यात गेले. याबद्दल ती कधी बोलत नसे. मात्र एखाद्या आईने 'उद्या बघू' म्हटलं की ती पेटी खाली ठेवून उंबऱ्यावरच बसे. उद्या उजाडेपर्यंत बसायची तिची तयारी असे, आणि आयांना ते ठाऊक होतं.

दोन हजार चार साली गोवर-रुबेलाची मोठी मोहीम निघाली. या वेळी पोरं नव्हे, मोठी माणसं: सोळा ते एकोणचाळीस, बाया आणि बाप्ये दोन्ही. बाया आल्या. बाप्ये बिथरले. मांताच्या बंदरातून बातमी आली होती की ही सुई घेतली की पुरुषाचं पुरुषपण जातं. सहा-सहा पोरांचे बाप, ज्यांच्या बायका सान पेद्रोकडे आता पुरे म्हणून हात जोडत, तेसुद्धा या बातमीने हादरले.

ओतिलियाने सोसायटीच्या अंगणात सगळ्यांना जमवलं आणि मासळीचा भाव पुकारायच्या भोंग्यातून सांगितलं की रुबेला तुम्हा रेड्यांना काही करत नाही, तीन दिवस पुरळ येईल आणि जाईल. पण तो पोटुशी बाईला लागला तर पोटातल्या बाळाचे डोळे, कान, काळीज खातो. पोटुशीला ही लस देता येत नाही. म्हणून तिच्या भोवतीच्या प्रत्येकाने घ्यायची. मग ती थांबली आणि भोंगा तोंडापासून जरा दूर धरून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आणि मला ती घेता येत नाहीये."

अंगणात क्षणभर कुणाला कळलंच नाही. पहिल्यांदा कळलं ते अगापितोला. तो हातातलं जाळं टाकून उठला आणि लंगडत लंगडत सरळ घरी शर्ट बघायला गेला.

बाल्तासारने बायकोला शब्द दिला की सगळ्यांच्या आधी मी घेतो. बाल्तासार म्हणजे सव्वादोन वार उंचीचा माणूस. शार्कच्या जबड्यातून गळ सोडवताना मी त्याला पाहिलंय. मोहिमेच्या दिवशी तो पहाटेच समुद्रावरून आला होता आणि दुपारी परत निघणार होता, दक्षिणेकडे, लांबच्या फेरीला. पोर्तोविएहोहून आलेल्या अनोळखी परिचारिका टेबल मांडून बसल्या होत्या. ओतिलिया त्या दिवशी शाळेत, बायांच्या टेबलावर होती. रांगेत आम्ही चाळीसेक जण. मीही होतो, बाल्तासारच्या मागून चौथा.

रांग पुढे सरकली. समोरच्याच्या दंडात सुई शिरताना बाल्तासारने पाहिलं आणि त्याचा चेहरा कच्च्या केळ्याच्या गरासारखा झाला. तो मुकाट्याने रांगेतून निघाला आणि बर्फाच्या कोठीमागे जाऊन उकिडवा बसला. अगापितो लस घेऊन डावा दंड चोळत तिथे उभाच होता. त्यांचं बोलणं आम्हा सगळ्यांना ऐकू येत होतं. बाल्तासार म्हणत होता की परत आलो की घेतो, देवाशपथ घेतो, पण आज कार्ड घरी नेलं नाही तर कोमाद्रे तुमची मला घरात घेणार नाही. अगापितोने एकदा टेबलाकडे पाहिलं, एकदा कोंपाद्रेकडे. टोपी डोळ्यांवर ओढली. आणि परत रांगेत येऊन उभा राहिला.

परिचारिकेने नाव विचारलं.

"बाल्तासार मेरो," अगापितो म्हणाला. आवाज जरा जाड काढला होता.

"वय?"

"अडतीस."

आणि त्याने उजवा दंड पुढे केला.

चाळीस बाप्ये हसू दाबण्यासाठी जमिनीकडे बघत होते. एकाला ठसका लागला तेव्हा परिचारिकेने त्याला पाणी दिलं. बाल्तासारला शिक्का मारलेलं कार्ड मिळालं, अगापितोला दोन्ही दंडांना कापूस मिळाला, आणि आम्हाला महिनाभर पुरेल असा विनोद मिळाला. त्या संध्याकाळी आम्ही त्याला जाळ्यांच्या छपराखाली गाठून विचारत होतो, की बाबा रे, दुप्पट लस घेतलीस, आता पुरुषपण दोनदा जाणार की जाऊन परत येणार? तोही हसत होता. ओतिलियाला कुणी सांगितलं नाही. बायकांनासुद्धा नाही, हा बाप्यांचा आपापसातला विनोद होता.

ओतिलियाने ते कार्ड कपाटाच्या काचेत, मारिया मातेच्या तसबिरीशेजारी लावलं.

होडी पाच आठवड्यांनी परत आली. दक्षिणेकडच्या एका बंदरात इंजिन बंद पडून ते बरेच दिवस अडकले होते. घरी आला तेव्हा बाल्तासारला थोडा ताप होता आणि कानांमागे गाठी. दोन दिवसांनी चेहऱ्यावर गुलाबी पुरळ उठलं आणि छातीपर्यंत उतरलं. ओतिलियाने त्याला खिडकीपाशी उजेडात बसवून पाहिलं. गोवर तिने पाहिलेला होता, रुबेलाही पाहिलेला होता. मग ती कपाटापाशी गेली आणि कार्ड पाहिलं. नाव होतं, तारीख होती, शिक्का होता. ती हसून म्हणाली की त्या बंदरात कसली शिळी कोळंबी खाल्लीत कोण जाणे, आणि त्याच्या पाठीला कोरफड लावत बसली.

बाल्तासारने त्याच वेळी तोंड उघडायला हवं होतं. पुढे त्याने मला सांगितलं की लाज वाटली. एवढंच कारण होतं. शिवाय तीन दिवसांचं पुरळ, ते गेलंही.

अगापितो त्याच दिवशी भेटायला गेला होता. दारातून त्याला पुरळ दिसलं. भोंग्यातलं भाषण त्याने नीट ऐकलं होतं. गावात तेवढं नीट ऐकणारा तो एकटाच असावा. तो उंबऱ्यावरून मागे फिरला. दुसऱ्या दिवशी परत गेला, परत फिरला. तिसऱ्या दिवशी ओतिलियाने त्याला अंगणातच पकडलं आणि आत ओढून विचेची वाटी हातात दिली. शेंगदाण्याच्या त्या दाट रश्श्यात मासा होता, मका होता. अगापितो नुसता चमचा फिरवत बसला. आयुष्यभर चार-चार माणसांच्या वतीने बोललेला हा माणूस, तिथे त्याला एकाच्याही वतीने बोलता येईना. कोंपाद्रेचं गुपित आहे, त्याचं त्यानेच सांगावं, असं त्याने स्वतःला समजावलं. वाटी चाटूनपुसून संपवली आणि घरी आला.

मुलगी जानेवारीत झाली. एवढीशी, वजन काही नाहीच. तिच्या दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्यांत दुधासारखं पांढरं होतं. दूध ओढताना दोन घोटांत दमायची आणि ओठ निळे पडायचे. पोर्तोविएहोच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि बराच वेळ ऐकत राहिले. मग पातेलं पाडून पाहिलं. ती दचकली नाही. त्यांनी ओतिलियाला विचारलं, दिवस राहिल्यावर घरात कुणाला पुरळ आलं होतं का? ओतिलिया म्हणाली, नवऱ्याला आलं होतं, पण त्याला लस दिलेली आहे. तिने पिशवीतून कार्ड काढून दाखवलं. डॉक्टरांनी रक्त तपासायला घेतलं. उत्तर आलं ते रुबेलाचंच. लस शंभरातल्या चार-पाचांना लागू पडत नाही, असं डॉक्टर म्हणाले, आणि तिने मान डोलावली. वीस वर्षं ती हेच आयांना सांगत आली होती.

मुलीचं नाव बेत्साइदा ठेवलं. बारसं, म्हणजे चर्चमधलं पाणी घालणं, मार्चमधल्या एका रविवारी ठरलं. शनिवारी दुपारी अगापितो ओतिलियाच्या स्वयंपाकघरात गेला. ती बेत्साइदाला चमच्याने दूध पाजत होती; एक चमचा, मग थांबायचं, श्वास परत यायची वाट बघायची, मग दुसरा. अगापितो दाराशी उभा राहिला. टोपी हातात होती.

"कोमाद्रे, उद्यासाठी दुसरा कुणी बघा," तो म्हणाला. "मला धरता येणार नाही तिला."

"का? शर्ट होत नाही आता?"

त्याने सांगितलं. बर्फाच्या कोठीमागचं, टोपीचं, जाड आवाजाचं, सगळं. मध्ये कुठे थांबला नाही. पुरळ दिसलं होतं आणि दोनदा उंबऱ्यावरून परत गेलो, हेही सांगितलं. खरं तर ते सांगायची गरज नव्हती. त्याला कुणी पाहिलं नव्हतं.

ओतिलियाने चमचा वाटीत ठेवला. मग तिने विचारलं, "कुठल्या दंडावर?"

त्याने उजवा दंड दाखवला. तिथे आता काहीच नव्हतं. तरी ती बघत राहिली.

"रांगेत किती जण होते?"

"चाळीस."

"सगळ्यांना माहीत होतं?"

"हो."

ती त्या चाळीस जणांच्या घरांत गेलेली होती. त्यांची पोरं तिने टोचली होती, त्यांच्या बायकांची बाळंतपणं केली होती. त्या चाळिसांतला एक मी. मला कधी कधी वाटतं, तिने अगापितोला हाकललं असतं तर आम्हाला बरं वाटलं असतं. दोष एकाच्या गळ्यात बांधून आम्ही मोकळे झालो असतो.

तिने चमचा परत उचलला. बेत्साइदाच्या ओठांना लावला.

"आजपर्यंत सगळ्यांच्या जागी उभा राहिलास," ती म्हणाली. कोमाद्रे झाल्यापासून पहिल्यांदाच ती त्याला अरेतुरे करत होती. "उद्या तुझी स्वतःची जागा आहे. तिथे दुसरा कोण उभा राहणार? नऊ वाजता ये."

तो आला. पट्ट्या लावलेला पांढरा शर्ट घालून आला आणि बेत्साइदाला धरून उभा राहिला. डोक्यावर पाणी पडलं तेव्हा ती रडली, आणि रडता रडता दमली, तेव्हा पाद्रीबाबांनी प्रार्थना आवरती घेतली. चाळीस बाप्ये मागच्या बाकांवर बसले होते. या वेळी जमिनीकडे बघायचं कारण वेगळं होतं.

बाल्तासारला ओतिलिया काय बोलली ते कुणाला माहीत नाही. पुढच्या सोमवारी तो उपकेंद्रात गेला, रांगेत पोराबाळांमागे उभा राहिला आणि दंड उघडा केला. रुबेला होऊन गेलेल्याला रुबेलाची लस कशाला लागते? तिला ते माहीत होतं. तिने सुई भरली आणि टोचली. त्याने तोंड फिरवलं नाही. त्यानंतर तो लांबच्या फेरीला कधी गेला नाही. सकाळी जायचा आणि दुपारी घरी यायचा.

बेत्साइदा पाच वर्षं जगली. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, त्यात तिला उजेड आणि हलती माणसं दिसू लागली. ऐकू कधीच आलं नाही. रोज सकाळी ओतिलिया पेटी घेऊन निघाली की मुलीला अगापितोच्या छपराखाली सोडून जाई. ती त्याच्या मांडीवर बसे आणि त्याच्या हनुवटीवर हात ठेवी. तो बोलला की हनुवटी थरथरे आणि ती हसे. म्हणून तो दिवसभर बोलत राही. ज्याला एरवी दुसऱ्यांच्या निरोपांशिवाय बोलायला काही नसे, तो त्या न ऐकणाऱ्या मुलीला काय काय सांगत बसे: कुठली होडी आली, कुणाची बायको कुणावर ओरडली, पाद्रीबाबांना उलटी टोपी कशी दिसते. नार्सिसा म्हणायची, आयुष्यात पहिल्यांदा हा स्वतःचं काहीतरी बोलतोय आणि ऐकणारं नेमकं कोण सापडलं बघा. असं म्हणून ती आत जायची आणि मुलीसाठी केळं कुस्करून आणायची.

तिच्या काळजाला भोक होतं, त्याच्या ऑपरेशनसाठी ग्वायाकीलच्या मोठ्या इस्पितळात न्यायचं ठरलं होतं. यादीत नाव लागलं होतं. त्याआधीच पावसाळ्यात तिला न्यूमोनिया झाला. शवपेटी एवढी लहान होती की खांदेकऱ्यांची गरज नव्हती. अगापितोने ती एकट्याने उचलली, अधू पायावर, टेकडी चढून. चार-पाच जण पुढे झाले होते. तो म्हणाला, "नाही."

हा शब्द त्याच्या तोंडून आम्ही पहिल्यांदा ऐकला. मग तो वरचेवर ऐकू येऊ लागला. सोसायटीच्या सभेत आता तो फक्त स्वतःच्या नावाला हजर म्हणतो. बर्फाची रांग ज्याची त्याने धरायची. नवसाचे गुडघे ज्याचे त्याचे. सुरुवातीला लोक रागावले. एवढी वर्षं फुकट मिळालेली सोय बंद झाली की कोण रागावणार नाही?

आणि लसीच्या प्रत्येक मोहिमेत ओतिलिया त्याला टेबलाशी स्टूल देते. तिने ते सांगितलं नव्हतं, त्याने मागितलंही नव्हतं. पहिल्या वेळी तो येऊन उभा राहिला आणि तिने स्टूल सरकवलं. नाव वाचलं जातं, तो समोरच्याचा चेहरा बघतो, आणि हो तोच, म्हणतो. मग सुई. एकदा राजधानीहून आलेल्या डॉक्टरांनासुद्धा त्याने ओळखपत्र मागितलं. ते स्वतः लस घेत नव्हते, नुसते पाहणीला आले होते, पण रांगेजवळ उभे होते.

पुढे बातम्यांत सांगितलं की आपल्या सगळ्या खंडातून रुबेला गेला. त्या दिवशी गावात कुणी फटाके लावले नाहीत. गेल्या मोहिमेत एक मुलगी आली होती, नुकतंच लग्न ठरलेली, हातात मोबाइल, बोलायला चुरचुरीत. बाही वर करता करता म्हणाली, "आजोबा, हा रोग खरंच होता, की तुम्ही म्हाताऱ्यांनी आम्हाला घाबरवायला काढलाय? मी तर कुणाला झालेला पाहिला नाही."

ओतिलिया सुई भरत होती.

"मी पाहिलाय," अगापितो म्हणाला. "पाच वर्षं माझ्या मांडीवर होता."

मुलीला काही कळलं नाही. ती ओशाळून हसली आणि दंड पुढे केला. ओतिलियाने टोचलं, कापूस लावला आणि पुढचं नाव वाचलं. अगापितोने मान वर करून चेहरा पाहिला, नीट पाहिला, आणि म्हणाला, "हो, तोच."